गर्भाशयमुखाचा नमुना: रिपोर्ट खात्रीचा यावा म्हणून टेबलावर काय करायचं

पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी. तिच्या रिपोर्टवर 'नमुना असमाधानकारक' असा शेरा आला की सगळ्यांचीच चिडचिड होते. बाईला पुन्हा रजा काढावी लागते, सिस्टरला पुन्हा ट्रे लावावा लागतो, घरच्यांना पुन्हा समजवावं लागतं. तरी या शेऱ्यामुळे निदान काहीतरी राहिलंय एवढं तरी कळतं. खरा घात होतो तो जेमतेम पास झालेल्या नमुन्यात. पेशी मोजण्यापुरत्या असतात, पण चुकीच्या जागेवरून आलेल्या असतात. कागदावर 'निगेटिव्ह' छापून येतं आणि बाई तीन किंवा पाच वर्षं निर्धास्त राहते. पॅपमध्ये हुकलेल्या रुग्णांपैकी मोठा भाग सूक्ष्मदर्शकाखाली नाही, तर नमुना घेताना आणि स्लाइड बनवतानाच हुकलेला असतो.

भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास स्त्रिया त्याने जातात, असा २०२२ चा अंदाज आहे. याच राज्यातल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं, की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात. म्हणजे साधन हाताशी आहे. पण ते गर्भाशयमुखापर्यंत नीट पोहोचलं तरच.

हा लेख ठाणे आणि नवी मुंबईतल्या नागरी आरोग्य केंद्रांत, खासगी दवाखान्यांत, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांच्या शिबिरांत आणि शहापूर-मुरबाडकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रत्यक्ष नमुना घेणाऱ्या डॉक्टर आणि सिस्टरांसाठी आहे. तपासणी करून घेणाऱ्या बाईनेही वाचला तर तिचा फायदाच आहे.

कुठल्या पेशी हव्यात

गर्भाशयमुखाचा बाहेरचा भाग चपट्या, अनेक थरांच्या पेशींनी झाकलेला असतो आणि आतल्या नळीत उंच, चिकट स्राव करणाऱ्या पेशींचा एकच थर असतो. हे दोन थर जिथे भेटतात ती सीमारेषा वयाबरोबर सरकते. तिच्या सरकण्याने तयार झालेला पट्टा म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन झोन. एचपीव्हीला हाच पट्टा मानवतो आणि कर्करोगपूर्व बदल बहुतेक इथेच सुरू होतात. तरुणपणी तो बाहेर, डोळ्यांना दिसेल असा असतो. पाळी गेल्यावर तो नळीत आत शिरतो. पंचविशीच्या बाईसाठी पुरेसं असलेलं साधन पंचावन्नच्या बाईसाठी अपुरं पडतं ते यामुळेच.

लॅबमध्ये बेथेस्डा पद्धतीप्रमाणे, म्हणजे पॅपचे रिपोर्ट लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे नमुना तोलतात. साध्या काचेच्या स्लाइडवर नीट दिसणाऱ्या चपट्या पेशी ८,००० ते १२,००० तरी हव्यात. द्रवातल्या, म्हणजे एलबीसी नमुन्यात ५,००० चालतात. पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त पेशी रक्ताने, पुवाने किंवा वाळल्यामुळे झाकल्या गेल्या असतील तर नमुना असमाधानकारक. ट्रान्सफॉर्मेशन झोनच्या किंवा नळीतल्या किमान १० चांगल्या पेशी दिसल्या तर तसं वेगळं लिहितात. त्या नसल्या म्हणून नमुना बाद होत नाही, पण नमुना घेणाऱ्याने आपल्या कामाबद्दल ती सूचना समजावी. आणि एक नियम कायम: विकृत पेशी एक जरी दिसली तरी तो नमुना 'असमाधानकारक' म्हणून परत पाठवता येत नाही. जे दिसलं ते कळवायचंच.

अपॉइंटमेंट देतानाच अर्धं काम होतं

पाळी संपल्यावर काही दिवसांनी, चक्राच्या मधल्या काळात नमुना सगळ्यात चांगला येतो. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध नको, योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा क्रीम नको, आतून धुणं नको. बुरशीची क्रीम पेशींवर थर धरते आणि काही एचपीव्ही चाचण्यांत अडथळाही आणते. आतून धुतलं तर वरच्या सुट्या पेशी, म्हणजे आपल्याला हव्या त्याच, निघून जातात. बऱ्याच स्त्रिया तपासणीला जायचं म्हणून मुद्दाम आतून स्वच्छ करून येतात. "बाहेरून नेहमीसारखी आंघोळ करा, आतून काही करू नका," हे वाक्य फोनवर किंवा आशाताईंकडून आधीच पोहोचायला हवं.

शिबिरात हे सगळं कोलमडतं. ८ मार्चला एखाद्या सोसायटीत किंवा महापेच्या कंपनीत शिबिर ठेवलं की त्या दिवशी पाळी असलेलीही येते आणि काल रात्री गोळी ठेवलेलीही. आमचा आग्रह असा, की शिबिराच्या दिवशी माहिती आणि नोंदणी करावी, आणि नमुन्यासाठी पुढच्या दोन आठवड्यांतले तीन-चार दिवस ठरवून द्यावेत. मात्र याचा अतिरेकही नको. शहापूरच्या आतल्या पाड्यावरून एसटी बदलत आलेल्या बाईला किंचित डाग दिसतोय म्हणून परत पाठवलं, तर ती पुन्हा येईलच याची खात्री नसते. एलबीसीची सोय असेल आणि रक्त थोडंच असेल तर नमुना घ्यावा आणि फॉर्मवर तसं लिहावं. भरपूर रक्तस्राव असेल तर मात्र पुढची तारीख द्यावी, कारण जास्त रक्त पेशी झाकतं आणि एचपीव्हीच्या पीसीआरलाही (विषाणूचं डीएनए शोधणाऱ्या चाचणीलाही) अडवतं.

बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे, शक्यतो बारा आठवड्यांपर्यंत थांबलेलं बरं. त्या काळातल्या पेशी बरं होण्याच्या प्रक्रियेमुळेच वेड्यावाकड्या दिसतात.

गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचा प्रश्न आपल्याकडे वारंवार येतो. "पिशवी काढलीये" एवढंच त्यांना माहीत असतं. पिशवीचं तोंड ठेवलंय की काढलंय हे कुणी सांगितलेलंच नसतं. ऑपरेशनचा कागद बघावा. तो नसेल तर स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरायचं साधन) घालून पाहावं. तोंड शिल्लक असेल तर तपासणी इतर स्त्रियांसारखीच चालू ठेवायची. पूर्ण काढलेलं असेल, कारण साधं असेल आणि आधी कधी कर्करोगपूर्व बदल निघाले नसतील, तर तपासणीची गरज नाही.

ट्रे, लेबल आणि अल्कोहोल

बाई टेबलावर येण्याआधी सगळं मांडून तयार हवं. स्पॅच्युला (पेशी खरवडायची चपटी पट्टी) हातात आणि स्लाइड कपाटात अशी वेळ आली तर तो नमुना वाळलाच म्हणून समजा. ट्रेमध्ये तीन मापांची स्पेक्युलम, कोमट पाणी, चांगला दिवा, स्पॅच्युला आणि एंडोसर्व्हायकल (नळीतला) ब्रश किंवा झाडूसारखा सर्व्हायकल ब्रश, स्लाइड किंवा व्हायल (एलबीसीच्या द्रवाची छोटी बाटली), उघडून ठेवता येईल असा अल्कोहोलचा जार, घडी केलेला गॉझ आणि स्पंज होल्डर एवढं असावं.

लेबल आधी, नमुना नंतर. स्लाइडच्या घासलेल्या टोकावर शिसपेन्सिलने नाव आणि नोंदणी क्रमांक, म्हणजे दोन वेगळ्या खुणा लिहायच्या. बॉलपेन किंवा मार्करची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि जारमधून अनोळखी स्लाइड बाहेर येते. व्हायलचं लेबल झाकणावर नाही, बाटलीच्या अंगावर चिकटवायचं, कारण लॅबमध्ये झाकणं निघतात. एका सकाळी तीन सुनीता पाटील येऊ शकतात, तेव्हा नुसत्या नावावर कधीच विसंबू नये. बाईला "तुम्ही सुनीता पाटील ना?" असं न विचारता "ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारावं.

साध्या स्मिअरसाठी ९५ टक्के इथेनॉल हे ठरलेलं फिक्सेटिव्ह (पेशी आहेत तशा टिकवणारा द्रव) आहे. ते मिळवायला आपल्याकडे परवान्याची कटकट असते. त्यामुळे अनेक ठिकाणी ८० टक्क्यांच्या आसपासचं आयसोप्रोपिल किंवा शुद्ध मिथेनॉल वापरतात. दोन्ही चालतात, पण लॅबला आधी विचारून ठरवावं आणि मिथेनॉल विषारी असल्याने झाकूनच ठेवावं. खाडीकाठच्या दमट हवेत उघडा जार दोन बाजूंनी बिघडतो: अल्कोहोल उडतं आणि हवेतलं पाणी आत येतं. झाकण घट्ट हवं आणि अल्कोहोल रोज बदलायला हवं. एका जारमध्ये दाटीवाटीने स्लाइड ठेवल्या तर एकीच्या पेशी तरंगत दुसरीच्या स्लाइडवर जाऊन बसू शकतात. दोन स्लाइडमध्ये साधी कागदाची क्लिप अडकवली की त्या एकमेकींना चिकटत नाहीत.

व्हायलची मुदत प्रत्येक वेळी पाहावी. मुदत संपलेल्या व्हायलमधला नमुना लॅब परत पाठवते, आणि ते बरोबरच आहे.

गर्भाशयमुख पूर्ण दिसलं का?

सगळ्यात जास्त नमुने इथे हातचे जातात. गर्भाशयमुख अर्धवट दिसत असताना स्पॅच्युला फिरवला की योनीच्या भिंतीच्या पेशी येतात. त्याही चपट्याच असतात, संख्येतही भरपूर असतात, आणि नमुना 'पुरेसा' ठरून जातो.

आधी लघवी करून यायला सांगावं. पडदा ओढलेला असावा, दार आतून लावलेलं असावं, खोलीत आवश्यक तेवढीच माणसं असावीत. ही शिष्टाचाराची बाब आहेच, पण तंत्राचीही आहे. घाबरलेल्या बाईचे स्नायू आवळतात, स्पेक्युलम उघडत नाही, घाई होते आणि नमुना चुकतो. काय करणार आहोत ते आधी साध्या शब्दांत सांगावं. "ताई, थोडं दाबल्यासारखं वाटेल. दुखलं तर लगेच सांगा, मी थांबते. आता तोंडाने हळू श्वास सोडा." तुर्भे-दिघ्याच्या वस्तीत हिंदी किंवा इतर भाषा बोलणाऱ्या स्त्रियाही येतात. हेच वाक्य त्यांच्या भाषेत येणारी एक मदतनीस सोबत असली तर काम निम्मं सोपं होतं.

स्पेक्युलम कोमट पाण्याने ओला करावा. जेल शक्यतो नकोच. अनेक जेलमध्ये कार्बोमर नावाचा घट्ट करणारा पदार्थ असतो. तो एलबीसीच्या गाळणीवर साचतो आणि पेशी काचेवर उतरूच देत नाही. पाळी गेलेल्या बाईला कोरडेपणामुळे फारच त्रास होत असेल तर कार्बोमर नसलेलं पाण्यात विरघळणारं जेल अगदी थेंबभर, खालच्या पात्याच्या बाहेरच्या अंगाला लावावं. टोकाला लावायचं नाही.

स्पेक्युलम तिरपा आत सरकवून, मागच्या दिशेने उतरता नेऊन, पूर्ण आत गेल्यावरच हळू उघडावा. तोंड दिसत नसेल तर लगेच मोठं स्पेक्युलम घेऊ नये. थोडं मागे घेऊन दिशा बदलून पाहावी. बाईला एकदा खोकायला सांगावं, किंवा तिच्याच मुठी कमरेखाली ठेवायला सांगाव्यात, त्याने कोन बदलतो. बाजूच्या भिंती सैल असून आत येत असतील तर कंडोमचं टोक कापून तो स्पेक्युलमच्या पात्यांवर चढवावा. भिंती बाजूला राहतात आणि तोंड समोर येतं. तरीही पूर्ण दिसत नसेल तर दुसऱ्या सहकाऱ्याला बोलवावं. अंदाजाने नमुना घेऊ नये.

दिसल्यावर क्षणभर नुसतं पाहावं. छिद्र कुठे आहे, लालसर भाग किती पसरलाय, पांढरा स्राव किती आहे. स्राव जाड असेल तर गॉझच्या घडीने हळूच टिपून घ्यावा. पुसायचं नाही, घासायचं नाही, सलाइनने धुवायचं नाही. पुसलेल्या तोंडावरून येणारा नमुना नेहमी विरळ येतो.

आणि डोळ्यांना गाठ, फुलकोबीसारखी वाढ किंवा खोल जखम दिसली, तर पॅप घेऊन रिपोर्टची वाट पाहत बसू नये. अशा जागेवरून येतं ते बहुतेक रक्त आणि सडलेला कचरा, आणि त्यातून खोटा दिलासा मिळू शकतो. तिला बायोप्सीसाठी त्याच आठवड्यात पुढे पाठवावं. शरीरसंबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, दुर्गंधीयुक्त पाणी जाणं ही लक्षणं असलेल्या बाईची तपासणी म्हणजे स्क्रीनिंग नव्हे. आधीचा रिपोर्ट निगेटिव्ह असला तरीही तिचं निदान वेगळ्या वाटेनेच व्हायला हवं.

प्रत्यक्ष नमुना

क्रम ठरलेला आहे: आधी पॅप, मग एचपीव्ही, सगळ्यात शेवटी व्हीआयए, म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहायची तपासणी. ॲसिटिक ॲसिड लावल्यावर घेतलेल्या नमुन्यात पेशी कमी आणि खराब येतात. एकाच एलबीसी व्हायलमधून दोन्ही चाचण्या होणार असतील तर पहिले दोन टप्पे एकच होतात.

स्पॅच्युला आणि ब्रश वापरत असाल तर आधी स्पॅच्युला. त्याचं लांब टोक छिद्रात टेकवून, हलका पण सलग दाब ठेवून पूर्ण ३६० अंश फिरवावा. अर्ध्यात उचलला तर घड्याळाच्या कुठल्यातरी तीन-चार तासांचा भाग सुटतो, आणि बदल नेमका तिथेच असू शकतो. मग ब्रश: तळाचे केस बाहेर दिसत राहतील एवढाच आत, आणि फक्त पाव ते अर्धा फेरा. जास्त फिरवला की रक्त येतं. ब्रश आधी वापरला तरी हेच होतं, म्हणून क्रम उलटा करायचा नाही. गरोदर बाईत नळीतला हा ब्रश वापरू नये.

झाडूसारखा ब्रश असेल तर मधले लांब केस नळीत आणि बाजूचे आखूड केस बाहेरच्या भागावर पूर्ण टेकतील इतका दाबून, घड्याळाच्या दिशेने पाच पूर्ण फेरे. पुढे-मागे फिरवायचा नाही. केसांची धार एकाच दिशेने खरवडायला बनवलेली असते. उलटा फिरवला की गोळा झालेल्या पेशी परत तिथेच पुसल्या जातात.

पाळी गेलेल्या बाईत झाडू ब्रश एकटा पुरत नाही, कारण पट्टा आत गेलेला असतो. तिथे प्लॅस्टिकचा स्पॅच्युला आणि नळीतला ब्रश ही जोडी घ्यावी. अशा बाईचा रिपोर्ट पेशी फार कमी, सुकलेल्या म्हणून परत आला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन आठवडे योनीत इस्ट्रोजेन क्रीम वापरून, ती थांबवल्यावर काही दिवसांनी पुन्हा नमुना घेतला तर तो बहुधा चांगला येतो. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईच्या बाबतीत हा निर्णय तिच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

स्लाइड: पंखा बंद करा

साध्या स्मिअरमध्ये वेळ सेकंदांत मोजायची. स्पॅच्युला काचेवर एकाच दिशेने, एकाच सलग ओढीने पसरवायचा. ब्रश काचेवर गोल लोळवायचा, घासायचा नाही. घासलं की पेशी चिरडतात आणि केंद्रकं धाग्यासारखी ओढली जातात. थर इतका पातळ हवा की त्यातून खालचा छापील कागद धूसर का होईना दिसावा. जाड गोळ्यात पेशी एकावर एक चढतात आणि मधल्या पेशी कुणालाच वाचता येत नाहीत.

पसरवल्या क्षणी स्लाइड अल्कोहोलमध्ये. तिथे किमान १५ ते २० मिनिटं. स्प्रे वापरत असाल तर १५ ते २५ सेंटिमीटर अंतरावरून. जवळून मारला तर दाबाने पेशी सरकतात, लांबून मारला तर पोहोचेपर्यंत स्लाइड वाळते.

हवेत वाळलेली पेशी फुगते, केंद्रक मोठं आणि फिकट दिसतं, आतली जाळी पुसट होते. मोठं केंद्रक हीच तर विकृतीची पहिली खूण, त्यामुळे वाचणाऱ्याला एकतर खोटा संशय येतो किंवा खरा बदल ओळखता येत नाही. ठाण्यातल्या उन्हाळ्यात तपासणीच्या टेबलावर डोक्यावर पंखा गरगरत असतोच, नाहीतर एसीचा झोत थेट ट्रेवर असतो. नमुना घेण्याआधी पंखा बंद करून, स्लाइड जारमध्ये गेल्यावर पुन्हा लावावा. एका मिनिटाचा उकाडा सोसण्यासारखा आहे. हवेत वाळल्याचा शेरा वारंवार येणाऱ्या केंद्रांनी आधी छताकडे पाहावं.

व्हायल: फेकायचं की ठेवायचं

एलबीसीमध्ये वाळण्याचा प्रश्न मिटतो, रक्त आणि स्राव बराचसा वेगळा काढता येतो. इंग्लंडमध्ये सुरुवातीच्या चाचणीत या पद्धतीने असमाधानकारक नमुने सुमारे ९ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्याही खाली आले, आणि मग ती देशभर लागू झाली. पण पद्धत बदलली म्हणून हात सैल सोडता येत नाही. इथली चूक वेगळी असते: पेशी ब्रशवरच राहून कचऱ्यात जातात.

दोन प्रमुख पद्धतींत नियम अगदी उलटे आहेत. थिनप्रेपच्या व्हायलमध्ये झाडू ब्रश तळाशी दहा वेळा, केस फाकतील इतका दाबायचा, मग जोरात ढवळायचा आणि ब्रश फेकून द्यायचा. नळीतला ब्रश असेल तर बाटलीच्या भिंतीवर दाबत दहा वेळा फिरवायचा, प्लॅस्टिकचा स्पॅच्युला दहा वेळा जोरात हलवायचा. ब्रशचं डोकं त्यात सोडायचं नाही. शुअरपाथमध्ये मात्र ब्रशचं डोकं दांडीपासून वेगळं करून व्हायलमध्येच सोडायचं. एकाच केंद्रात दोन कंपन्यांचा माल येऊन गेला असेल तर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा: सध्या कुठली व्हायल आहे आणि ब्रशचं काय करायचं. लाकडी स्पॅच्युला एलबीसीसाठी अजिबात नको, लाकूड पेशी शोषून धरतं.

ब्रश ट्रेवर ठेवून आधी स्पेक्युलम काढायला जाऊ नये. थेट व्हायलमध्ये. झाकण त्यावरची रेघ बाटलीवरच्या रेघेपलीकडे जाईपर्यंत फिरवावं. सैल झाकणाची व्हायल वाटेत गळते आणि सोबतच्या पाच फॉर्मवरची शाईही उतरवते.

एचपीव्हीचा नमुना आणि बाईने स्वतः घेतलेला नमुना

जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून प्राथमिक तपासणी म्हणून एचपीव्ही डीएनए चाचणीच सुचवते: सर्वसाधारण स्त्रियांना तिशीपासून, ५ ते १० वर्षांनी एकदा, एचआयव्ही असलेल्यांना पंचविशीपासून, ३ ते ५ वर्षांनी. यात नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो. तुर्भ्यातल्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्या किंवा भिवंडीच्या यंत्रमागाच्या वस्तीतल्या, तपासणीच्या टेबलाला घाबरणाऱ्या स्त्रीसाठी हा मोठा आधार आहे.

स्वतः नमुना घेताना ब्रशच्या टोकाला हात लावायचा नाही. अंग सैल सोडून तो हळू आत, अडेल तिथपर्यंत सरकवायचा आणि किटवर लिहिलेत तितके फेरे घ्यायचे. काही किटमध्ये ब्रश कोरडाच झाकून पाठवतात, काहींत लगेच द्रवात बुडवावा लागतो. याबाबत किटवरची सूचना हाच अंतिम शब्द. पाळीत नको, क्रीम लावल्यावर नको.

एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अनेक एचपीव्ही चाचण्यांत माणसाच्या पेशीतल्या एखाद्या जनुकाचा शोध सोबतच घेतला जातो. तो सापडला नाही तर चाचणी 'अवैध' ठरते, म्हणजे नमुन्यात पेशीच नव्हत्या किंवा काहीतरी अडथळा होता. पण तो सापडला म्हणजे पेशी गर्भाशयमुखाच्याच होत्या असं सिद्ध होत नाही. योनीतल्या पेशींतही तेच जनुक असतं. काही जुन्या चाचण्यांत ही पडताळणीच नसते. लॅब निवडताना हा प्रश्न जरूर विचारावा. आणि स्वतः घेतलेल्या नमुन्यावरून पॅप करता येत नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली की डॉक्टर किंवा सिस्टरकडून वेगळा नमुना किंवा कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख मोठं करून पाहायची तपासणी) लागतेच, हे किट देतानाच सांगावं. नाहीतर "पुन्हा बोलावलं म्हणजे कॅन्सरच" असं घरभर होतं.

फॉर्म आणि प्रवास

फॉर्मवर वय, शेवटच्या पाळीची तारीख, गरोदरपण किंवा बाळंतपण, तांबी, गोळ्या, आधीचे रिपोर्ट, रेडिएशन, गर्भाशयाची शस्त्रक्रिया आणि तोंड कसं दिसलं एवढं लिहावंच. शेवटच्या पाळीची तारीख नसेल तर पंचेचाळिशीपुढच्या बाईच्या नमुन्यात गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी दिसल्यावर त्या पाळीमुळे आल्या की काळजी करण्यासारख्या आहेत, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. तांबीमुळे काही पेशी विकृतीसारख्या भासतात. रेडिएशनमुळेही तसंच.

बहुतेक व्हायलवर साठवणीचं कमाल तापमान ३० अंश छापलेलं असतं. काही पद्धतींत पॅपच्या नमुन्याला ३७ पर्यंत मुभा आहे, पण त्याच व्हायलमधून एचपीव्ही करायचं तर पुन्हा मर्यादा ३०. एप्रिल-मे महिन्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या स्कूटरच्या डिकीतलं तापमान याच्या कितीतरी वर जातं. साधी बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून ठेवलेला थर्माकोलचा डबा पुरतो. गोठवायचं मात्र नाही. पावसाळ्यात फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि व्हायल दुसऱ्या पिशवीत. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांत लॅब बंद असते तेव्हा आधी फोन करून विचारावं आणि मुदतीचे दिवस मोजावेत. स्प्रे केलेल्या स्लाइड पूर्ण सुकल्यावरच स्लाइड बॉक्समध्ये भराव्यात, ओल्या भरल्या तर एकमेकींना चिकटतात.

रिपोर्ट आल्यावर

असमाधानकारक आला तर नमुना दोन ते चार महिन्यांत पुन्हा घ्यावा. लगेच दुसऱ्या आठवड्यात नको, थर भरून यायला वेळ लागतो. पण आधी कारण वाचावं. पेशी कमी असतील तर घेण्याची पद्धत किंवा पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, वाळलेल्या असतील तर पंखा आणि अल्कोहोल, पुवाने झाकलेल्या असतील तर आधी संसर्गावर उपचार, गाळणी अडली असेल तर जेल. कारण न शोधता पुन्हा घेतलेला नमुना पुन्हा तसाच येतो.

'निगेटिव्ह, पण ट्रान्सफॉर्मेशन झोनच्या पेशी नाहीत' असं आलं तर तिशीच्या आतल्या बाईला नेहमीच्या मुदतीने बोलवावं. तिशीपुढे एचपीव्ही चाचणी करणं जास्त चांगलं. एचपीव्ही करता येत नसेल तर तीन वर्षांनी पॅप.

प्रत्येक केंद्राने वहीत एक रकाना वाढवावा: नमुना कोणी घेतला. महिन्याअखेरीस प्रत्येकाचे असमाधानकारक आणि झोनच्या पेशी नसलेले नमुने मोजावेत. एखाद्याचे सातत्याने जास्त येत असतील तर त्याला रागवायचं नाही. अनुभवी सिस्टरसोबत काही नमुने एकत्र घ्यायला लावावेत. लॅबला फोन करून एखादी खराब स्लाइड दाखवायची विनंती केली तर बहुतेक पॅथॉलॉजिस्ट आनंदाने दाखवतात, आणि सूक्ष्मदर्शकातून आपली वाळलेली स्लाइड एकदा पाहिलेला माणूस पुढच्या वेळी पंख्याचं बटण विसरत नाही.

पॅप असमाधानकारक पण एचपीव्ही १६ किंवा १८ (या विषाणूचे सगळ्यात धोक्याचे दोन प्रकार) पॉझिटिव्ह असेल तर पुन्हा पॅपची वाट न पाहता थेट कॉल्पोस्कोपी. लागोपाठ दोनदा असमाधानकारक आला तरी तेच. त्या बाईचं नाव, फोन नंबर आणि कॉल्पोस्कोपीची तारीख वहीत लाल शाईने लिहावी, आणि ती तिथे पोहोचली की नाही हे आशाताईंकडून विचारून घ्यावं.